पोरक्या कामांचे पालकत्व

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाच्या तोंडी शरणपूर रोड हे नाव दिवसातून एकदा तरी येतेच. रिक्षावाल्यास पत्ता सांगताना, दवाखान्याचा ठावठिकाणा विचारताना आपण ते उच्चारतो; पण त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेने नाशिकच्या वेशीबाहेर एक वसाहत उभारली, तीच ही शरणपूर. तेथे अनाथ मुलांसाठी निवारा होता, हाताला काम शिकविणारी शाळा होती. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथे आणली जात. त्यांतलाच जेकब वेनराईट हा पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत आफ्रिकेतून निघून १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत पोहोचला. ज्याचे कोणी नाही त्याला कोणीतरी आपले म्हणणे, हा त्या वसाहतीचा पाया होता.

अनाथ, आश्रय, दत्तक हे शब्द आमच्या मनात असे लहानपणापासून शरणपूरशी जोडले गेले होते. तेच शब्द प्रौढ वयात आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी, संगणकाच्या दुनियेत भेटले. एवढेच नव्हे, तर एके दिवशी ते आमच्याच नावासमोर येऊन उभे राहिले. त्याची हकीकत वाचकांसमोर ठेवावी असे वाटले, कारण ती केवळ संगणकाची नाही. कोणत्याही धर्मग्रामात, कोणत्याही मंडळात, जेथे माणसे विनामोबदला काम करतात, तेथे ती घडत असते.

प्रथम थोडी ओळख करून द्यावयास हवी. संगणक चालण्यासाठी जी मूळ प्रणाली लागते ती विकत घ्यावी लागते, असा आपला समज असतो. पण जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून उभारलेल्या आणि कोणासही मोफत वापरता, पाहता व बदलता येतील अशा प्रणालीही आहेत. त्यांपैकी एक जुनी आणि मोठी प्रणाली म्हणजे डेबियन. इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीच्या नावाचा पूर्वार्ध आणि स्वतःचे नाव एकत्र करून त्याने हे नाव घडविले. मरडॉक २०१५ साली निवर्तला, परंतु काम थांबले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे एक एक सुटा कार्यक्रम, नीट बांधून, नाव-गाव लिहून, बरोबर काय काय लागेल त्याची यादी जोडून ठेवलेला. प्रवासास निघालेल्या माणसासाठी घरची बाई शिदोरी बांधते, तसेच ते समजावे. कोणी पत्र लिहिण्याचा कार्यक्रम बांधतो, कोणी हिशेबाचा, कोणी देवनागरी अक्षरांचा.

प्रत्येक पॅकेजवर त्याचा सांभाळ करणाऱ्याचे नाव असते. त्यास मेंटेनर म्हणतात. एखादी व्यक्ती किंवा लहानसा गट ही जबाबदारी घेतो. तक्रार आली की तिने पाहावयाचे, नवी आवृत्ती निघाली की तिने बांधावयाची, सुरक्षेत भोक पडले तर तिने बुजवावयाचे. याचा पगार डेबियन कोणासही देत नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत वाहने लावून देणारे, पाणी वाटणारे, हरवलेल्या मुलांना आईबापांच्या स्वाधीन करणारे स्वयंसेवक आपण पाहतो. ही मंडळी त्याच जातकुळीतली; फरक इतकाच, की यांची यात्रा वर्षाचे ३६५ दिवस चालू असते आणि यात्रेकरूंना त्यांचे तोंडही दिसत नाही.

या यात्रेत आम्ही २००८ साली सामील झालो. निमित्त घरगुतीच होते. आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या जुन्या स्मरणिका, गीतांचे कागद, मंडळांचे अहवाल संगणकावर टंकलेले होते, पण जुन्या फाँटमध्ये. जुन्या मराठी फाँटांची रीत अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. तो फाँट संगणकावर आहे तोवर सारे ठीक. फाँट गेला की सुंदर मराठी ओळीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. पुढे युनिकोड आले. त्यात प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक असतो. ‘क’ला २३२५, ‘ळ’ला २३५५. मजकूर एकदा या क्रमांकांत आला की फाँट बदलला तरी अक्षर हरवत नाही.

तेव्हा जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा कार्यक्रम आम्ही रात्री जागून लिहिला. वाटले तितके ते सोपे नव्हते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट. ‘कीर्ती’ हा एक शब्द सुधारताना आमच्या दोन रात्री गेल्या. परंतु ज्या दिवशी १९९६ च्या स्मरणिकेतील एक अख्खा लेख पडद्यावर शुद्ध मराठीत उमटला, त्या दिवशी आम्हांस झालेला आनंद अवर्णनीय होता. पुढे दक्षिण भारतातील एका अनुभवी विकासकाने प्रायोजक होऊन आमचे काम तपासले, सतरा चुका काढल्या आणि अखेर ते डेबियनमध्ये दाखल केले. पॅकेजच्या माथ्यावर मेंटेनर म्हणून आमचे नाव झळकले. कारखान्यातल्या पाळीची नोकरी करणाऱ्या माणसास तो मान थोडा नव्हता. ते पान आम्ही कितीदा उघडून पाहिले असेल याची गणती नाही.

पहिली चार वर्षे आम्ही नेमाने काम केले. जून २०१२ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. दिवसा कारखाना, रात्री त्यांची उशी बदलणे, औषधे, फिजिओथेरपी. दोन वर्षांनी ते देवाघरी गेले. या काळात आलेल्या तक्रारी आम्ही वाचीत होतो, उत्तर मात्र देत नव्हतो. तोवर ते क्षम्य होते असे आम्ही आजही मानतो. क्षम्य नव्हते ते त्यानंतरचे. वेळ मिळू लागला, तरी आम्ही तिकडे फिरकेनासे झालो. कारण आता काम राहिले नव्हते, राहिली होती शरम. दोन वर्षे उत्तर न दिलेल्या पत्रास आज काय लिहावे? हा प्रश्न टाळण्यासाठी आणखी एक वर्ष जाई, आणि मग तो प्रश्न आणखी अवघड होई. न भरलेल्या हप्त्यासारखे ते वाढत गेले. पण ‘हे काम आता माझ्याने होत नाही’ असे एक वाक्य लिहून मोकळे व्हावे, हे काही आम्हांस सुचले नाही. खरे सांगावयाचे तर सुचले होते. पण माथ्यावरचे ते नाव पुसावयाचा धीर होत नव्हता.

याच काळात आम्ही आमच्या पॅरिश कौन्सिलवर होतो, आणि तेथे एका विषयावर मोठ्या तावातावाने बोलत असू. धर्मग्रामाच्या वाचनालयाचे एक लाकडी कपाट होते. त्याची किल्ली एका वृद्ध धर्मशिक्षकांकडे असे. सारे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी तीस वर्षे ते वाचनालय सांभाळले होते. परंतु गुडघे धरल्यापासून मास्तर रविवारच्या मिस्सानंतर थेट घरी जात आणि कपाट बंदच राही. तळच्या फळीस वाळवी लागल्याची शंका होती. किल्ली मागावयास मात्र कोणी जात नव्हते. त्यांना वाईट वाटेल, असे म्हणून सारे गप्प बसत आणि पाठीमागे कुरकुरत. त्या कुरकुरणाऱ्यांत आमचा आवाज सर्वांत मोठा होता. ‘जमत नाही तर सोडावे माणसाने,’ असे आम्ही एका बैठकीत म्हणालो, ते इतिवृत्तात नोंदलेले आहे.

आता डेबियनमध्ये अशा दुर्लक्षित पॅकेजचे काय करतात ते पाहू. कारण आम्हांस जे शिकावयास मिळाले ते तेथे.

त्या संस्थेने १९९८ साली आपली घटना स्वीकारली. तिच्या आरंभीच्याच नियमांत असे म्हटले आहे, की प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही; ज्याला एखादे काम करावयाचे नसेल त्याने ते करू नये. मात्र संस्थेच्या नियमांनुसार होणाऱ्या कामात त्याने आडवे येऊ नये. या नियमाचा पहिला भाग वाचून मन हलके होते, दुसरा भाग वाचून ते दचकते. काम न करणे हा दोष नव्हे. परंतु स्वतः करावयाचे नाही आणि नाव धरून बसल्यामुळे दुसऱ्यासही करता येऊ नये, ही अडवणूकच होय.

काम सोडणाऱ्यासाठी तेथे सरळ, प्रतिष्ठेच्या वाटा आहेत. काम चालू आहे पण ओझे झाले, तर ‘मदत हवी’ अशी जाहीर नोंद करावयाची. सोडावयाचे आहे पण वारस मिळेपर्यंत सांभाळू, अशी तयारी असेल तर ‘दत्तक घेणारा हवा’ अशी नोंद. आणि आजपासून मुळीच होणार नसेल तर पॅकेज ‘ऑर्फन्ड’, म्हणजे पोरके, असे जाहीर करावयाचे. मग त्यावर मेंटेनर म्हणून गुणवत्ता पाहणाऱ्या सामाईक गटाचे नाव लागते आणि कोणीही त्यात दुरुस्ती करू शकतो. पुढे ज्याला इच्छा असेल तो दत्तक घेत असल्याचे जाहीर करून आपले नाव लावतो. या सर्वांची एक यादी सदैव सर्वांसमोर उघडी असते. पोरके म्हणवून घेण्यात तेथे लाज नाही. ती एक हाक आहे.

न सांगता दिसेनाशा झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी एक छोटा गट आहे. तो प्रथम शोध घेतो, की माणूस इतरत्र कोठे काम करीत आहे काय; मग पत्र लिहितो, थांबतो, पुन्हा लिहितो. नवी नोकरी, बाळाचा जन्म, आजार, क्वचित मृत्यू, काहीही कारण असू शकते, हे धरूनच ही पत्रे लिहावयाची असतात. अखेर उत्तर आलेच नाही तर त्याची पॅकेजेस पोरकी जाहीर होतात.

याशिवाय २०१८ साली आणखी एक रीत ठरली. मेंटेनरचे नाव आहे, पण पॅकेज स्पष्टपणे पडून आहे. तक्रारींना उत्तर नाही, मूळ कार्यक्रमाच्या नव्या आवृत्त्या बांधलेल्या नाहीत, परक्यांनीच येऊन तातडीच्या दुरुस्त्या केल्या आहेत. अशा वेळी ज्याला ते पुढे चालवावयाचे आहे त्याने तशी जाहीर नोंद करावी आणि ती मेंटेनरला कळवावी. मग २१ दिवस थांबावे. तेवढ्यात मेंटेनरने हरकत घेतली तर माघार घ्यावी. उत्तर आले नाही तर नवी आवृत्ती पाठवावी. पण तीही किमान सात दिवस प्रतीक्षेत ठेवावी, म्हणजे उशिरा जागे झालेल्यासही संधी राहील. या रीतीस तेथे जो शब्द आहे त्याचा अर्थ, बुडत्या जहाजातून माल वाचविणे असा आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तशी नोंद आमच्या पॅकेजवर झाली.

कारणही सबळ होते. आमचा कार्यक्रम पायथन या भाषेच्या दुसऱ्या पिढीत लिहिलेला. तिची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद होणार होती, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या शेकडो पॅकेजेसवर त्या वर्षी सूचना लागल्या होत्या, की नव्या पिढीत आणा, नाहीतर काढून टाकावे लागेल. आमच्या पॅकेजवर अशा धरून नऊ तक्रारी साचल्या होत्या. दोनदा परक्या माणसांनी येऊन डागडुजी केली होती. त्यांचे आम्ही आभारही मानले नव्हते.

नोंद करणारी अमरावतीकडची एक विद्यार्थिनी होती. तिने इंग्रजी नोंदीसोबत आम्हांस वेगळे पत्र मराठीत लिहिले. ‘आदरणीय सर, आपल्या कार्यक्रमामुळे माझ्या आजोबांच्या आठवणींची दीडशे पाने मला वाचता आली. ती त्यांनी जुन्या फाँटमध्ये लिहून ठेवली होती. हे पॅकेज निघून गेले तर इतरांची अडचण होईल, म्हणून मी ते नव्या पायथनमध्ये आणले आहे. आपण पुन्हा काम करणार असाल तर मी केलेले सर्व आपल्याकडे पाठवते आणि बाजूला होते. आपली परवानगी असेल तर मी पुढे चालवीन.’

पत्रात कोठेही आरोप नव्हता, आणि नेमका त्याचाच आम्हांस राग आला. कालची मुलगी, आमच्या घरात येऊन आमचेच सामान आवरू पाहते! आम्ही हरकत नोंदविण्याचा मसुदा लिहिला. त्यात ‘लवकरच नवी आवृत्ती देत आहे’ असेही लिहिले. मग तो मसुदा तसाच ठेवला, कारण ते वाक्य खरे नाही हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? एकवीस दिवसांतले सोळा दिवस असे गेले. जपमाळेचा महिना होता. घरी रोज संध्याकाळी जपमाळ होई आणि ती संपताच आम्ही संगणकापुढे बसून तोच मसुदा वाचीत असू.

सोळाव्या दिवशी पत्नीने विचारले, ‘अहो, रोज काय वाचता एवढे?’ आम्ही सारी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हणजे मास्तरांच्या किल्लीसारखेच झाले की हे.’ एवढे बोलून ती भाकऱ्या करावयास उठली. तिने उपदेश केला नाही. पण इतिवृत्तात नोंदलेले आमचे ते वाक्य त्या रात्री आम्हांस झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही मसुदा पुसला आणि तिला लिहिले: ‘तुम्ही पुढे चालवा. मी सहा वर्षे उत्तरे दिली नाहीत, ती माझी चूक. नऊपैकी तीन तक्रारींचे मूळ कोठे आहे ते मला ठाऊक आहे; सोबत लिहून पाठवीत आहे.’ रफाराविषयीच्या जुन्या टिपणांची वहीही छायाचित्रे काढून पाठविली. त्या संध्याकाळी, कित्येक वर्षांनी, संगणक बंद करताना मनावर काही ओझे नव्हते.

तिने हाती घेतल्यावर पहिले काम कोणते केले असेल? आमच्या कार्यक्रमाचा जवळजवळ निम्मा भाग काढून टाकला. आता कोणीही वापरीत नाही अशा दोन फाँटांसाठीचा तो भाग होता आणि त्यापायीच बहुतेक तक्रारी येत होत्या. आम्ही तो कधीच काढला नसता. त्यावर आमच्या रात्री खर्ची पडल्या होत्या ना! प्रत्येक पोरक्या गोष्टीस पालक मिळावाच असे नाही, हेही डेबियन मान्य करते. ज्याला कोणी विचारीत नाही, जे मोडके आहे आणि ज्याचे काम दुसरे कोणी चांगले करते, असे पॅकेज विचारविनिमय करून काढून टाकले जाते. त्याची जुनी प्रत संग्रहात राहते, पण राहत्या घरातून ते हलते. जिवंतांना जागा हवी म्हणून मृतांना सन्मानाने निरोप द्यावा लागतो.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. नाहीतर वाचकांस वाटेल, की जो मागेल त्याला किल्ली देऊन मोकळे व्हावे. एक्सझेड नावाचा, मजकूर दाबून लहान करणारा एक कार्यक्रम आहे. जगातील असंख्य संगणक त्यावर विसंबून आहेत. त्याचा सांभाळ वर्षानुवर्षे लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ जवळजवळ एकट्याने करीत होते. २०२२ साली त्यांनी आपल्या मानसिक थकव्याविषयी उघडपणे लिहिले. त्याच सुमारास काही अनोळखी नावे त्यांच्यामागे लागली, की काम मंद आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. जिया टॅन या नावाने वावरणारी एक व्यक्ती मदतीस हजर होतीच. दोनएक वर्षे तिने चोख काम केले, विश्वास मिळविला, अधिकार मिळविले आणि २०२४ च्या आरंभी त्या कार्यक्रमात एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या डेबियन संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला आणि २९ मार्च २०२४ रोजी कट उघडकीस आणला. तो शुभ शुक्रवार होता. डेबियनच्या चाचणीतील आवृत्त्यांत ती खोड शिरली होती. लोकांच्या रोजच्या वापरातील स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र पोहोचली नव्हती.

या घटनेतून ‘कोणावरही विश्वास ठेवू नये’ असा धडा काही जण काढतात. आम्हांस तो पटत नाही. थकलेला माणूस एकटा होता, हे त्या संकटाचे मूळ होय. त्याच्या कामावर अवघे जग उभे होते. पण त्याने थकलो म्हटल्यावर त्याच्या शेजारी उभे राहणारे कोण निघाले? ओरडणारे निघाले आणि चोर निघाला. सारा व्यवहार उघड्यावर, पुरेसा वेळ देऊन आणि चार डोळ्यांसमोर व्हावा, यासाठी ते २१ दिवस आहेत. ती मुदत जुन्या माणसाच्या सन्मानासाठी असते, तशीच नव्या माणसाच्या पारखीसाठीही.

आता मास्तरांविषयी. २०१९ च्या आगमनकाळात आम्ही त्यांच्या घरी गेलो. किल्ली मागावयास नव्हे, क्षमा मागावयास. आमचे ते बैठकीतले वाक्य त्यांच्या कानी गेलेच होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘किल्लीचे काय हो, ती केव्हाही न्या. पण वाचनालयाची दाखल नोंदवही अपुरी आहे. ती तशी कोणाच्या हाती द्यावयाची मला लाज वाटते.’ तर गाठ ही होती! मास्तरांनी किल्ली अधिकारापायी धरलेली नव्हती; अपुऱ्या कामाच्या शरमेपायी धरली होती. आमचे नऊ तक्रारींचे दुखणे आणि त्यांचे नोंदवहीचे दुखणे एकच होते. सहा वर्षांत एकाने जरी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन विचारले असते, तर वाळवीने खाल्लेली चाळीसेक पुस्तके वाचली असती.

आम्ही कपाट उघडले आणि पुस्तके थोडी थोडी करून त्यांच्या घरी नेऊ लागलो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शेवटचे दोन गठ्ठे त्यांच्याकडेच होते. त्या बंद घरात बसून मास्तरांनी नोंदवही पुरी केली. शेवटच्या पानावर त्यांनी तारीख घातली, सही केली आणि खाली नव्या ग्रंथपालासाठी एक रेघ मोकळी सोडली. आज मास्तर हयात नाहीत. आमच्या युवक संघातील दोन मुली वाचनालय सांभाळतात. नोंदवही पुढे चालू आहे. पहिली चारशे पाने मास्तरांच्या वळणदार अक्षरात आहेत आणि ती कोणी फाडलेली नाहीत.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्येही अशी एक नोंदवही असते. कोणी, कोणत्या तारखेस, काय बदलले ते तीत ओळीने लिहिलेले असते. नवा मेंटेनर आला की तो आपली ओळ वर लिहितो. जुन्या ओळी खाली तशाच राहतात. माथ्यावरचे आमचे नाव गेले, पण २००८ पासूनच्या आमच्या नोंदी आजही तेथे आहेत. ज्या नावासाठी आम्ही सहा वर्षे अडून बसलो, ते मुळी पुसले जाणारच नव्हते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामाकडे एकदा या नजरेने पाहावे. गायकवृंदाची पेटी कोणाकडे आहे? दफनभूमीचा नकाशा कोणाच्या कपाटात आहे? मंडळाच्या बँकखात्यावर अजून कोणाची सही चालते? त्या माणसांपैकी कोणी थकले असेल तर त्यांच्यामागे न बोलता त्यांच्याकडे जावे आणि त्यांचे काय अपुरे राहिले आहे ते आधी विचारावे. आणि ते थकलेले आपण स्वतःच असू, तर तसे सांगून टाकावे.

त्या अमरावतीच्या मुलीचे गेल्या वर्षी पत्र आले. तिला पुण्यास नोकरी लागली आहे, घरी आई आजारी असते. पत्राच्या अखेरीस तिने लिहिले होते, ‘सर, महिनाभर पॅकेजकडे पाहता आले नाही, म्हणून काल मी ‘मदत हवी’ अशी नोंद केली आहे. कोणी ओळखीचे असेल तर सांगाल का?’

जे सांगावयास आम्हांस सहा वर्षे जमले नाही, ते तिने एका महिन्यात सांगितले. आम्ही तिला लगेच उत्तर लिहिले. रफाराची वही अजून आमच्यापाशी आहे, आणि रविवारची दुपार आता मोकळी असते.